शेतीचा जमाखर्च आणि विद्यापीठ



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, त्यांनी येथे गणित आणि हिशेबलेखन शिकविले. बडोद्यात राहून आपण ज्याला सर्रास 'नामुं' म्हणू लागलो, तोच हा विषय. तेव्हा यंदाचे व्याख्यान हिशेबाशी संबंधित असावे, अशी संयोजकांची इच्छा होती. शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुले आता व्यवस्थापनाच्या शिक्षणाकडे वळतात आणि त्यांतली काही कृषिअर्थशास्त्र आणि कृषिव्यवसाय व्यवस्थापन या अभ्यासक्रमांकडे जातात, हेही त्यांनी सुचविले. उभा जन्म मराठी शिकविण्यात घालविलेल्या माणसाने या विषयावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी अर्थशास्त्राचा अधिकारी नाही. परंतु हिशेब हादेखील एक मजकूर असतो. तो कोणी लिहिला, कोणाविषयी लिहिला आणि ज्याच्याविषयी लिहिला त्याला तो वाचता येतो की नाही, हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला विचारता येतात. आज मी तेवढेच करणार आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. 'मॅनेजमेंट'साठी आपण 'व्यवस्थापन' हा शब्द रूढ केला. शब्द चांगला आहे, पण कचेरीतला आहे. त्याआधी मराठीत या अर्थाचे दोन शब्द चांगले रुळलेले होते. एक 'वहिवाट'. बडोदे संस्थानात महालाच्या मुलकी अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत, हे येथील जुन्या मंडळींना सांगावयास नको. दुसरा शब्द 'कारभार'. पेशवाईत कारभारी म्हणजे राज्याचा व्यवहार सांभाळणारा मुत्सद्दी. तोच शब्द देशावरच्या खेड्यांत शेतकऱ्याच्या घरात उतरला. बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते आणि तो तिला 'कारभारीण' म्हणतो. दहा-पाच एकरांच्या कोरडवाहू शेतीचे, दोन बैलांचे आणि सावकाराच्या देण्याचे गणित जुळविणारी ही दोन माणसे व्यवस्थापक आहेत, ही गोष्ट आपल्या भाषेने विद्यापीठांच्या कितीतरी आधी मान्य केली होती. विद्यापीठांनी ती कितपत मान्य केली, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा प्रश्न मराठीत ठामपणे मांडला तो महात्मा फुले यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' हा त्यांचा ग्रंथ १८८३ सालचा. तो सयाजीराव महाराजांनी फुल्यांकडून ऐकून घेतला, याची कृतज्ञ नोंद फुल्यांनी स्वतः उपोद्घातात केली आहे. महाराज तेव्हा अवघ्या विशीतले होते. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगणाऱ्या या ग्रंथात पाणी अडविण्यासाठी लहानमोठे बांध घालावे, शेतीची प्रदर्शने भरवावी, चांगल्या शेतकऱ्यास बक्षिसे द्यावी, अशा अगदी व्यवहारी सूचना आहेत. आज आपण ज्याला शेतीचे अर्थशास्त्र म्हणतो, त्याचे मराठीतले एक आद्य पुस्तक या शहराच्या राजाने कान देऊन ऐकले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट अभिमानाची आणि त्याचबरोबर लाजेचीही आहे. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकावयास गेले. १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही आणि थोड्याच दिवसांत त्यांना निघून जावे लागले. त्याच वर्षी लहान आणि विखुरलेल्या जमिनी एकत्र कशा कराव्यात याविषयी बडोदे सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी, १९१८ साली, आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर जो निबंध लिहिला, त्यात या अहवालाची कसून चिकित्सा आहे. तुकडे एकत्र करणे म्हणजे शेत मोठे करणे नव्हे, हा भेद त्यांनी प्रथम स्पष्ट केला. मग त्यांनी मुख्य मुद्दा मांडला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. शेतकऱ्याजवळ बैल, अवजारे, भांडवल आणि राबणारे हात किती आहेत, त्या मानाने ते ठरते. अवजारे अपुरी असतील तर लहान दिसणारे शेतही त्याला मोठेच पडते. शेतीवरचा अतिरिक्त माणसांचा भार कमी व्हावा म्हणून उद्योगधंदे वाढले पाहिजेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. शेती ही अनेक साधनांची सांगड घालण्याची कला आहे, हे तत्त्व आज शेती व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकवितात. सत्तावीस वर्षांच्या आंबेडकरांनी ते बडोद्याचेच उदाहरण समोर ठेवून मांडले होते.

त्याच काळात पुण्याकडे प्रत्यक्ष पाहणीचे काम सुरू झाले होते. शेतकी कॉलेजाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९४० साली त्या संस्थेने वाई तालुक्यातील शेतीची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्या इंग्रजी नावात शेतीला उघडपणे 'धंदा' म्हटले आहे. हा धंदा आहे, म्हणून त्याला कीर्द हवी, खतावणी हवी, नफातोटा हवा, अशी त्यामागची दृष्टी होती. गाडगीळ पुस्तकापाशीच थांबले नाहीत. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच होते आणि उपाध्यक्ष होते विठ्ठलराव विखे पाटील. विद्यापीठातला अर्थशास्त्रज्ञ आणि गावातला शेतकरी एका टेबलाशी बसून ताळेबंद वाचीत आहेत, असे दृश्य आपल्याकडे फार वेळा दिसलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५ सालापासून, शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या देशाच्या निरनिराळ्या भागांत पद्धतशीरपणे झाल्या. आपल्या बाजूला अहमदनगर आणि नाशिक, वऱ्हाडात अकोला आणि अमरावती हे जिल्हे त्यांत होते. वर्षभर शेतकऱ्याच्या घरी जाऊन दररोजच्या कामाच्या नोंदी घेण्यात आल्या. आणि येथेच एक अवघड प्रश्न उभा राहिला. बियाणे, खत, सालदाराचा पगार, रोजंदारी, हे खर्च लिहिता येतात, कारण त्यांचे पैसे किंवा धान्य कोणाला तरी दिलेले असते. पण शेतकरी स्वतः राबतो, त्याची बायको निंदणी करते, सासू राखण करते, मुले वेचणीला जातात. त्यांना कोणी काही देत नाही. मग त्यांचे काम कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

अर्थशास्त्रज्ञांनी यासाठी खर्चाच्या पायऱ्या केल्या. कृषिअर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या आजही पाठ कराव्या लागतात. प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ए-१. त्यात दुसऱ्याच्या कसलेल्या जमिनीचा दिलेला खंड मिळविला की ए-२. स्वतःच्या भांडवलाचे व्याज, स्वतःच्या जमिनीचा मानीव खंड आणि घरच्या माणसांची मानीव मजुरी हे सारे धरले की सी-२. त्याच्याही वर सी-३ ही एक पायरी आहे. तिच्यात शेतकरी जे व्यवस्थापन करतो त्याचा मोबदला म्हणून सी-२ वर दहा टक्के वाढवितात. म्हणजे विद्यापीठाच्या कोष्टकातही 'कारभारी' आहे. तो शेवटच्या ओळीत आहे आणि दहा टक्क्यांचा आहे, पण आहे.

या पाहण्यांतून जे निघाले, त्यावर १९६२ साली अमर्त्य सेन यांनी एक छोटा लेख लिहिला. त्यातले पहिले निरीक्षण असे की घरच्या माणसांची मजुरी बाजारभावाने धरली, तर भारतातील शेतीचा बराच मोठा भाग तोट्यात दिसतो. या वाक्यावर अर्थशास्त्रज्ञांत पुढे कित्येक वर्षे वाद झाले आणि त्या वादावर अनेकांनी पदव्या मिळविल्या. ज्याच्या शेतीविषयी हे वाक्य होते, त्याच्यापर्यंत मात्र ते पोचावयास खूप काळ लागला.

येथे घरातली एक हकीकत सांगण्याची परवानगी घेतो. आमची वडिलोपार्जित शेती खानदेशात आहे. माझ्या पुतण्याच्या मुलीने काही वर्षांपूर्वी एका कृषिविद्यापीठातून कृषिव्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली. प्रकल्पासाठी तिने घरच्याच कपाशीचा उत्पादनखर्च काढला. सुटीत मी तेथे असताना ती ते इंग्रजी कोष्टक ओसरीवर बसून आम्हांस समजावून देत होती. माझ्या वहिनी, म्हणजे तिच्या आजी, भुईमुगाच्या शेंगा फोडीत ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "यात माझे रोज कुठे मांडलेस?" मुलीने 'इम्प्यूटेड व्हॅल्यू ऑफ फॅमिली लेबर' या ओळीवर बोट ठेवले आणि क्षणभर थांबून म्हणाली, "ही घरची मजुरी, आजी." वहिनींनी आकडा विचारला. मग म्हणाल्या, "आणि सालदाराच्या भाकऱ्या?" मुलगी म्हणाली, "त्याला दिलेले धान्य धरले आहे." त्यावर वहिनी म्हणाल्या, "धान्य धरलेस ग, पण भाकरी कोणी केली?"

त्या प्रश्नाला कोष्टकात उत्तर नव्हते. याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, पाठ्यपुस्तकांत श्रमाचे दिवस मोजताना बाईचा दिवस पुरुषाच्या दिवसाचा काही अपूर्णांक धरण्याची रीत फार वर्षे चालत आली. मुलीने आजीला तेही सांगितले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सूप उचलले आणि त्या आत गेल्या. मुलीने मात्र त्या रात्री प्रकल्पाला एक जादा पान जोडले आणि त्यावर घरातल्या तिन्ही बायकांच्या कामाचे तास वेगळे मांडले. तिच्या मार्गदर्शकांनी ते पान राहू दिले, ही समाधानाची गोष्ट. माझ्या दृष्टीने या साऱ्यात महत्त्वाचे हे की प्रश्न विचारला गेला तो कोष्टक मराठीत उतरल्यावर. इंग्रजीत ती ओळ बिनचूक होती आणि म्हणून कोणालाही खटकत नव्हती.

हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत आला म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. शरद जोशी हे स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करावयास आले. स्वतःच्या शेतीचा काटेकोर जमाखर्च ठेवल्यावर त्यांना तोटा दिसला. त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली आणि १९८० साली कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी मोठे आंदोलन झाले. 'उत्पादनखर्चावर आधारित भाव' हे शब्द त्या काळात पारापारांवर बोलले जाऊ लागले. त्यांच्या अर्थकारणाशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही; मीही सर्वत्र सहमत नाही. पण 'उत्पादनखर्च' हा वर्गातला शब्द त्यांनी शेतकऱ्याच्या तोंडी दिला, हे त्यांचे भाषिक कार्य मला फार मोठे वाटते. पुढे १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर शेतकऱ्याने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, अशी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. कोष्टकातला एक रकाना सातबाराच्या उताऱ्यापर्यंत गेला, असे मी त्याचे वर्णन करीन.

हा वाद आजही मिटलेला नाही. २०१८-१९ च्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारने खर्चाच्या दीडपट आधारभूत किमतीची घोषणा केली. सरकारने त्यासाठी ए-२ अधिक घरची मजुरी हा खर्च धरला. शेतकरी संघटनांची मागणी सी-२ ची आहे. वर्तमानपत्रांत ही अक्षरे आणि आकडे येतात आणि बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात. पण सारा तंटा या दोन पायऱ्यांमधल्या अंतराचा आहे आणि त्या अंतरात शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज बसलेले आहे. एवढे तरी प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाला सांगता आले पाहिजे.

आता व्यवस्थापनाच्या शिक्षणाकडे वळतो. १९६१ साली अहमदाबादला भारतीय प्रबंध संस्था निघाली. शेतीचे व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय मानून तिथे त्याचा अभ्यास आरंभापासूनच्या काळात सुरू झाला. त्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी संचालकपद सोडल्यावर राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील जवाजा भागात विणकर आणि चर्मकार यांच्याबरोबर काम केले. या माणसांना व्यवस्थापक पुरवावयाचे नाहीत, त्यांनी स्वतःचे व्यवस्थापन स्वतः शिकावयाचे, अशी त्यामागची धारणा होती.

आणि आपल्यापासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आणंद आहे. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सभा भरविली आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचा सहकारी दूध संघ नोंदला गेला. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे नेते. १९४९ साली वर्गीस कुरियन आणंदला आले. पुढचा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. मी त्यातल्या एकाच लहान गोष्टीकडे लक्ष वेधतो. सकाळ-संध्याकाळ सभासद बाई दूध घेऊन मंडळीच्या केंद्रावर जाते. तिच्यासमोर दूध मोजले जाते, त्यातले फॅट तपासले जाते आणि किती दूध, कोणत्या प्रतीचे, किती पैशांचे, याची नोंद तिच्या हातात पडते. ती गुजरातीत असते. तिला वाचता येत नसेल तर घरातले शाळकरी मूल ती वाचून दाखविते. सहकारी दुधाच्या यशाची कारणे अनेक आहेत, पण ज्याचा हिशेब त्याच्या हाती, त्याच्या भाषेत आणि त्याच दिवशी, हे मला त्यांतले एक मोठे कारण वाटते.

अशा संस्थांना शिकलेले व्यवस्थापक हवेत, या निकडीतून कुरियन यांनी १९७९ साली आणंदला ग्रामीण व्यवस्थापन संस्था काढली. तेथील विद्यार्थ्याला काही आठवडे खेड्यात राहावे लागते. २०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने या संस्थेतून सहकार विद्यापीठ निर्माण झाले आणि त्याला त्रिभुवनदासांचे नाव देण्यात आले. देशभरातील कृषिविद्यापीठांतही आता कृषिव्यवसाय व्यवस्थापनाचे वर्ग आहेत. विपणन, वित्त, पुरवठा साखळी, वायदेबाजार, किमतींचे विश्लेषण, असे विषय तेथे शिकवितात. हे विषय अनावश्यक आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. शेतमालाचा बाजार समजावयाचा तर ते शिकलेच पाहिजेत.

माझी तक्रार निराळी आहे. या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणारा विद्यार्थी बहुधा बियाण्यांच्या, खतांच्या, अन्नप्रक्रियेच्या कंपनीत किंवा बँकेत जातो. त्यात गैर काही नाही. त्यालाही पोट आहे. पण तेथे गेल्यावर शेतकरी त्याला ग्राहक म्हणून, कर्जदार म्हणून किंवा कच्च्या मालाचा पुरवठादार म्हणून दिसू लागतो. कारभारी म्हणून तो दिसत नाही. आंबेडकरांनी आणि गाडगिळांनी शेतकऱ्याच्या बाजूला उभे राहून त्याच्या शेताकडे पाहिले होते. आज पुष्कळदा शेताकडे कंपनीच्या खिडकीतून पाहिले जाते. विषयाचे नाव तेच राहिले, पाहणाऱ्याची जागा बदलली.

यावर कोणी म्हणेल की अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून मुलाला चार प्रांतांत नोकरी मिळते. मराठीचा हट्ट धरून त्याचे नुकसान का करता? हा आक्षेप खरा आहे आणि मी तसा हट्ट धरीत नाही. वर्ग इंग्रजीत चालू द्यावा. परंतु शेतकऱ्याविषयी केलेला प्रत्येक हिशेब त्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत वाचून दाखविल्याखेरीज पुरा झाला असे मानू नये, एवढा एक नियम विद्यापीठांना करता येईल. शब्दांची अडचण नाही. खंड, वाटा, सालदार, रोज, आडत, हमाली, तोलाई, उचल, थकबाकी, शिल्लक हे शब्द आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोन शेतकरी बैल आणि मेहनत एकत्र करतात त्याला सावड म्हणतात. गावकरी मिळून एकाचे काम उरकून देतात आणि तो सर्वांना जेवू घालतो, त्याला इर्जिक म्हणतात. या शब्दांमध्येच श्रमाच्या देवघेवीचे बारीक नियम साठवलेले आहेत. पाठ्यपुस्तक लिहिणाराने ते वेचून घ्यावेत, म्हणजे त्याला शेतीव्यवस्थेची अशी अंगे सापडतील की जी परकीय पुस्तकांत नाहीत.

हिशेब वाचता आला म्हणून भाव वाढत नाही, हे मी जाणतो. पाऊस, बाजार आणि सरकारी धोरण यांवर शेतकऱ्याची सत्ता चालत नाही. पण वाचता आलेल्या हिशेबाने त्याला प्रश्न विचारता येतो. 'भाकरी कोणी केली' हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत विचारला गेला नव्हता. तो एका निरक्षर बाईने विचारला.

आता शाळेकडे एक मागणे मागून थांबतो. आपल्या अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेची मुले दरवर्षी काल्पनिक दुकानांची कीर्द-खतावणी लिहितात. त्यांतल्या चार-पाच मुलांनी दरवर्षी पादरा, डभोई किंवा वाघोडिया तालुक्यातल्या एकेका शेतकरी कुटुंबाचा एका हंगामाचा खरा जमाखर्च लिहावा. एक प्रत गुजरातीत, त्या कुटुंबासाठी; एक प्रत मराठीत, आपल्या ग्रंथालयासाठी. घरातल्या प्रत्येक माणसाच्या कामाचे तास त्यात असावेत, बायकांचेही, आणि बाईचा तास पुरुषाच्या तासाएवढाच धरावा. जाण्यायेण्याचा व वह्यांचा खर्च माजी विद्यार्थी संघाने उचलावा. रक्कम मोठी होणार नाही. पहिल्या वर्षासाठी माझा वाटा मी आज कार्यवाहांकडे देत आहे. दहा वर्षे हे काम चालले, तर व्यवस्थापनाच्या कोणत्याही विद्यापीठाला मोलाचा वाटेल असा संग्रह एका मराठी शाळेच्या कपाटात जमा होईल, आणि त्यातून पुढे या विषयाकडे वळणारा आपला विद्यार्थी कारभाऱ्याला आणि कारभारणीला ओळखूनच वर्गात जाऊन बसेल.